बिलियन म्हणजे नक्की किती? (आणि टीएमसीमधला 'हजार')

शाईपेन

इंग्रजीतल्या घोळ घालणाऱ्या शब्दांवर बोलताना बहुतेक वेळा गाडी स्पेलिंगपाशी थांबते. मला आज ज्या शब्दाबद्दल लिहायचं आहे त्याचं स्पेलिंग कुणाचंच चुकत नाही, अर्थही सगळ्यांना ठाऊक असतो, आणि तरी त्याने भल्याभल्या भाषांतरांत हजारपटीची चूक होते. तो शब्द म्हणजे 'बिलियन'.

चांगला इंग्रजी शब्दकोश उघडलात तर त्यात दोन अर्थ सापडतील. एकावर नऊ शून्यं, म्हणजे आपले शंभर कोटी. आणि एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी. दुसऱ्या अर्थाच्या पुढे 'ब्रिटिश, जुना' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचून पान उलटतो. पण आपल्याकडच्या ग्रंथालयांत इंग्रजी पुस्तकं आहेत ती मोठ्या प्रमाणावर त्या 'ब्रिटिश, जुन्या' काळातलीच. त्यांतून मराठीत आलेले आकडेही तसेच.

आधी 'मिलियन' पाहू. लॅटिनमध्ये हजाराला 'मिल्ले' म्हणतात. इटालियन भाषेत शब्दाला 'ओने' जोडला की वस्तू थोर होते, तसा 'मिल्योने' म्हणजे थोरला हजार, हजारांचा हजार. इटलीतल्या व्यापाऱ्यांकडून तो फ्रेंचमध्ये गेला आणि १४ व्या शतकात इंग्रजीत पोचला. त्यापुढच्या संख्यांना नावं नव्हती, कारण लागतच नव्हती.

ती नावं १५ व्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये तयार झाली. १४७५ मध्ये जेहान आदाम नावाच्या गृहस्थाने 'बायमिलियन', 'ट्रायमिलियन' असे शब्द वापरले. मग १४८४ मध्ये लियों शहरात राहणाऱ्या निकोला शुके या गणितज्ञाने अंकगणितावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात ही योजना पक्की केली. मोठी संख्या घ्यायची, उजवीकडून सहा-सहा अंकांवर खूण करायची. पहिली खूण मिलियन, दुसरी बिलियन, तिसरी ट्रिलियन, असं करत नॉनिलियनपर्यंत. आणि पुढे जायचं असेल तर याच रीतीने जा, असंही त्याने सांगून ठेवलं. म्हणजे शुकेचा बिलियन हा बारा शून्यांचा.

या माणसाच्या नशिबाला मात्र काय म्हणावं? त्याचा ग्रंथ हस्तलिखितच राहिला. एतिएन द ला रोशने १५२० मध्ये लियोंमध्येच आपलं पुस्तक छापलं, त्यात शुकेचा बराच मजकूर उचलला, आणि ही नावं जगात गेली ती ला रोशच्या पुस्तकातून. शुकेचं मूळ लिखाण छापून आलं ते थेट १८८० मध्ये. जगातला प्रत्येक अर्थमंत्री ज्याने रुळवलेला शब्द उच्चारतो त्याचं नावही आपल्या शाळेच्या पुस्तकांत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंग्रजीतही हेच माप आलं. जॉन लॉकच्या १६९० च्या ग्रंथात संख्यांना नावं असण्याचं महत्त्व सांगताना सहा-सहा अंकांचे गट पाडून दाखवले आहेत.

पण तोवर फ्रान्समध्ये काही जण सहाऐवजी तीन-तीन अंकांचे गट पाडू लागले होते. खुणा जवळजवळ आल्या, नावं तीच राहिली, आणि दुसऱ्या खुणेवरचा बिलियन बारा शून्यांवरून नऊ शून्यांवर घसरला. १८ व्या शतकात फ्रान्समध्ये हे रूढ झालं आणि अटलांटिक ओलांडून गेलं. बॉस्टनमध्ये १७२९ साली आयझॅक ग्रीनवूडचं अंकगणित छापलं गेलं, त्यात बिलियन नऊ शून्यांचा आहे. अमेरिकेने तो धरला तो आजतागायत.

ब्रिटन मात्र बारा शून्यांवर ठाम राहिलं. २० डिसेंबर १९७४ रोजी तिथल्या संसदेत रॉबिन मॅक्सवेल-हिस्लॉप या खासदाराच्या प्रश्नाला पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी लेखी उत्तर दिलं. मंत्र्यांनी बिलियन हा शब्द फक्त ब्रिटिश अर्थानेच वापरावा, असा खासदाराचा आग्रह होता. विल्सननी नकार दिला. आता जगभर या शब्दाचा अर्थ हजार मिलियन असा होतो, मंत्र्यांनी वेगळा अर्थ धरला तर गोंधळ होईल, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून सरकारी ब्रिटिश आकडेवारी अमेरिकेच्या मापाने चालते.

आणि फ्रान्स? ज्यांनी अमेरिकेला नऊ शून्यं शिकवली, ते १९६१ मध्ये सरकारी आदेश काढून शुकेच्या बारा शून्यांवर परतले. म्हणजे ब्रिटनने फ्रान्सचं जुनं माप शेकडो वर्षं सांभाळून सोडलं आणि फ्रान्सने सोडलेलं परत घेतलं. आज इंग्लिश खाडीच्या दोन्ही काठांवर एकच शब्द आहे आणि किमती दोन.

तुमच्या कामात, वाचनात हा शब्द कुठे कुठे आडवा आला ते वाचायला आवडेल.

तेरीज

उत्तम लेख. एक शंका. 'बाय' म्हणजे दोन, 'ट्राय' म्हणजे तीन हे समजलं. बारा शून्यांच्या बिलियनमध्ये दोन दिसतात: सहा आणि सहा. नऊ शून्यांच्या बिलियनमध्ये दोन कुठे आहेत? नऊचे तर तीन तुकडे पडतात.

शाईपेन

तेरीज, बरोबर नस पकडलीत. शुकेच्या पद्धतीत बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, ट्रिलियन म्हणजे मिलियन तीनदा. उपसर्ग म्हणजे सरळ घातांक. तीन-तीनच्या पद्धतीत हिशेब असा बसवावा लागतो: एक हजार घ्या, त्याला हजाराने एकदा गुणलं की मिलियन, दोनदा गुणलं की बिलियन, तीनदा की ट्रिलियन. दोन आहेत, पण आधीचा एक हजार बाजूला ठेवल्यावर. शुकेची रचना जास्त सुंदर आहे असं माझं मत. व्यवहारात हरली ती.

आणि हा फरक पुढे वाढत जातो. दोन बिलियनमध्ये हजारपटीचा फरक. दोन ट्रिलियनमध्ये, म्हणजे अठरा शून्यं आणि बारा शून्यं, दहा लाख पटीचा.

इजारकाठ

आम्ही म्युनिकला राहतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात रोजचा. जर्मनमध्ये नऊ शून्यांना 'मिलिआर्डे' म्हणतात आणि 'बिलिओन' म्हणजे बाराच शून्यं. मुलं शाळेत जर्मनमधून गणित शिकतात, इंटरनेटवर इंग्रजी पाहतात आणि आजीशी मराठीत बोलतात. मी त्यांना सांगून ठेवलंय की आकडा ऐकला की आधी भाषा विचारायची.

हा 'मिलिआर्ड' शब्दही फ्रेंचांचाच. १६ व्या शतकात तो तिथे वापरात आला आणि पुढे मिलियन आणि बिलियन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बसला. आज जर्मन, फ्रेंच, इटालियन, पोलिश, डच सगळे वापरतात. रशियन आणि तुर्की लोकांनी आणखी वेगळी वाट काढली: नऊ शून्यांना मिलिआर्ड म्हणायचं, पण बारा शून्यांना थेट ट्रिलियन. बिलियन हा शब्दच गाळून टाकला, भांडण संपलं.

१९२३ ची जर्मन महागाई हा या विषयाचा सगळ्यात मोठा सापळा आहे. त्या नोव्हेंबरात एका अमेरिकी डॉलरला ४.२ 'बिलिओनेन' मार्क पडत होते. आपल्या मापात ४.२ लाख कोटी मार्क. हेच आजच्या इंग्रजीत ४.२ ट्रिलियन लिहायला हवं. जर्मन शब्द पाहून कुणी ४.२ बिलियन लिहिलं आणि त्यावरून मराठीत ४.२ अब्ज आलं, की महागाई हजारपटीने स्वस्त झाली! नवं चलन आलं ते रेंटनमार्क. एका रेंटनमार्कला जुने एक बिलिओन मार्क, बारा शून्यं पुसली. म्हणून डॉलर पुन्हा ४ रेंटनमार्क २० वर आला, महायुद्धाआधीचा भाव.

राईश्सबँकेने (तेव्हाची जर्मन मध्यवर्ती बँक) त्या मालिकेत काढलेली सर्वांत मोठी नोट १०० बिलिओन मार्कांची. आता तिच्याशेजारी झिंबाब्वेची २००९ ची गाजलेली नोट ठेवा, १०० ट्रिलियन डॉलरची. एकीवर बिलियन, दुसरीवर ट्रिलियन, आणि शून्यं मोजलीत तर दोन्हीकडे चौदाच. दोन नोटांवर तंतोतंत एकच संख्या आहे.

शाईपेन

इजारकाठताई, हे उदाहरण फार मोलाचं. चौदा शून्यं म्हणजे कोटी गुणिले कोटी. आपल्याकडे 'कोटी कोटी प्रणाम' म्हणतात ती संख्या तिथे एका कागदावर छापली गेली.

हंगेरीचंही सांगते. १९४६ मध्ये तिथे चलनात आलेली सगळ्यात मोठी नोट '१० कोटी बी-पेंगो'ची होती. पेंगो हे तिथलं चलन, आणि त्यातला 'बी' म्हणजे बिलियन, युरोपीय मापाचा, बारा शून्यांचा. म्हणजे दहा कोटीची आठ आणि वर बारा, एकूण वीस शून्यं. या 'बी'ला नऊ शून्यांचा धरून हिशेब केला की तो चुकतो.

घाटमाथा

मी पाटबंधारे खात्यात (आताचं जलसंपदा) नोकरी केली, निवृत्त आहे. हा धागा वाचताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रातला माणूस पावसाळ्यात रोज सकाळी हा 'बिलियन' वाचतो, फक्त त्याला ते नाव माहीत नसतं. टीएमसी!

टीएमसी म्हणजे 'थाउजंड मिलियन क्युबिक फीट'. हजार मिलियन घनफूट. पुष्कळ शिकलेली माणसं टी म्हणजे ट्रिलियन किंवा एम म्हणजे मीटर समजतात. दोन्ही चूक. हजार मिलियन म्हणजे नऊ शून्यं, म्हणजे आजच्या इंग्रजीत सरळ एक बिलियन घनफूट. मग 'बीसीएफ' असं सुटसुटीत का नाही म्हटलं? कारण आपली अभियांत्रिकीची भाषा ब्रिटिशांची. त्यांच्या लेखी बिलियन म्हणजे मिलियन मिलियन. नऊ शून्यं म्हणायची तर त्यांना 'थाउजंड मिलियन' असंच म्हणावं लागे. शाईपेनताईंनी १९७४ चा दाखला दिला. कृष्णा पाणी तंटा लवादाचा, म्हणजे बच्छावत आयोगाचा, अहवाल १९७३ चा आहे. कृष्णेचं ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षी तरी मिळेलच असं, पाणी २,०६० टीएमसी धरलं, त्यात महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. तिन्ही राज्यांची भांडणं, करार, निवडणुका या एककात झाल्या. लंडनने बिलियन बदलला, कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात जुनं ब्रिटिश माप टिकून राहिलं, आणि मला विचाराल तर तेच बरं झालं. 'थाउजंड मिलियन' या शब्दाचा अर्थ कुठल्याही देशात, कुठल्याही सालात एकच निघतो.

आता आकड्यांची कल्पना यावी म्हणून. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. किंवा २८.३ दशलक्ष घनमीटर, आमच्या कागदपत्रांत 'दलघमी'. विसर्गाच्या भाषेत सांगायचं तर ११,५७४ क्युसेकने (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) बरोबर चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी जातं. कोयना १०५.२५ टीएमसी. पुण्याची चार धरणं मिळून २९.१५: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला जेमतेम १.९७. पावसाळ्यात खडकवासल्यातून इतक्या वारंवार पाणी का सोडावं लागतं ते या शेवटच्या आकड्यावरून कळेल. वरच्या तीन धरणांचं पाणी ज्या धरणातून जायचं त्याची स्वतःची पोटजागा दोन टीएमसीसुद्धा नाही.

मराठी सरकारी कागदांत टीएमसीला 'अब्ज घनफूट', संक्षेपात 'अघफू', असाही शब्द आहे. बरोबर शब्द आहे. पण शेतकऱ्याच्या तोंडी टीएमसीच बसला.

पाणपोई

घाटमाथाकाका, नमस्कार. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे हा शब्द दुसऱ्या टोकाने येतो, अतिसूक्ष्म मोजमापात. 'पीपीबी', म्हणजे पार्ट्स पर बिलियन. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा १० पीपीबी आहे. इथला बिलियन नऊ शून्यांचा. पण जर्मन किंवा फ्रेंच वाचकाने आपल्या भाषेतला बिलियन धरला तर मर्यादा हजारपटीने कडक होते. म्हणून मोजमापांच्या संस्था पीपीबी टाळायला सांगतात आणि आम्ही अहवालात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम किंवा ०.०१ मिलिग्रॅम असंच लिहितो. तोंडी मात्र पीपीबी जात नाही.

उजळणी

'गिगा' आणि 'टेरा' हे उपसर्ग १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले. त्यांना भाषेप्रमाणे अर्थ बदलायची सोय नाही. भूगर्भशास्त्रातही पृथ्वीचं वय 'गिगा-वर्षां'त देतात, ४.५४. म्हणजे ४५४ कोटी वर्षं. दख्खनचा कातळ त्या मानाने कालचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा.

इंदूरी_पोहे

मराठीतल्या एका मोठ्या सापळ्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून. मी इंदूरला राहतो, सकाळी हिंदी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी मराठी वाचतो. हिंदीत १०० करोड म्हणजे १ अरब, आणि १०० अरब म्हणजे १ खरब. टप्पा शंभरचा. मराठीत १०० कोटी म्हणजे १ अब्ज हे जुळतं. पण पुढे १० अब्ज म्हणजे १ खर्व, टप्पा दहाचा. म्हणजे हिंदीतला खरब अकरा शून्यांचा आणि मराठीतला खर्व दहा शून्यांचा. हिंदी बातमीतला '१० खरब' पाहून मराठीत '१० खर्व' लिहिलं की आकडा एक दशांश होतो. शब्द सारखा दिसतो म्हणूनच घात होतो.

अन्वय

इंदूरी_पोहे, अगदी नेमकं. यातलं मूळ सांगतो, कारण बिलियनसारखीच गत आपल्या शब्दांचीही झालेली आहे.

मराठीची माळ आली आहे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तून, साल ११५०:

एकदशशतसहस्रायुतलक्षप्रयुतकोटयः क्रमशः ।
अर्बुदमब्जं खर्वनिखर्वमहापद्मशङ्कवस्तस्मात् ॥
जलधिश्चान्त्यं मध्यं परार्धमिति दशगुणोत्तराः संज्ञाः ।
सङ्ख्यायाः स्थानानां व्यवहारार्थं कृताः पूर्वैः ॥

प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट. कोटी सात शून्यं, अर्बुद आठ, अब्ज नऊ, खर्व दहा, निखर्व अकरा, महापद्म बारा, शंकू तेरा, जलधी चौदा, अंत्य पंधरा, मध्य सोळा, परार्ध सतरा. इजारकाठताईंनी सांगितलेल्या जर्मन आणि झिंबाब्वेच्या नोटा दोन्ही एकेक 'जलधी'च्या. हंगेरीची नोट हजार परार्धांची, म्हणजे भास्कराचार्यांच्या यादीच्याही बाहेरची.

आता शुक्ल यजुर्वेदातली यादी पाहा. तिथे अयुत, नियुत, प्रयुत, अर्बुद, न्यर्बुद, समुद्र, मध्य, अंत, परार्ध असा क्रम आहे. मोजलंत तर अर्बुद सात शून्यांचा आणि परार्ध बारा शून्यांचा. आर्यभटाच्या ४९९ च्या ग्रंथात मध्ये 'कोटी' आला, त्यामुळे अर्बुद एक घर पुढे सरकून आठ शून्यांवर गेला. आणि हिंदीत 'अरब' झालेला हाच अर्बुद नऊ शून्यांवर बसला. एकाच शब्दाच्या तीन किमती: एक कोटी, दहा कोटी, शंभर कोटी. परार्ध तर बारावरून सतरावर गेला. तेव्हा इंग्रजांना नावं ठेवण्यासारखी आपली परिस्थिती नाही.

त्या श्लोकाची शेवटची ओळ मला फार आवडते. या संज्ञा पूर्वसूरींनी व्यवहारासाठी केल्या, इतकंच आचार्य म्हणतात.

तेरीज

अन्वय, श्लोकाबद्दल आभार. पण मग मराठीत लिहावं काय? माझा अनुभव जमाखर्चाचा. अब्ज म्हटलं की समोरचा माणूस थांबतो आणि मनात शून्यं मोजतो. 'शंभर कोटी' म्हटलं की त्याला लगेच कळतं. ताळेबंदात, अंदाजपत्रकात, बातम्यांत अब्ज लिहूच नये असं माझं ठाम मत आहे. हजार कोटी, लाख कोटी. पाच ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था म्हणण्यापेक्षा पाच लाख कोटी डॉलर म्हणा.

शाईपेन

मला हे अर्धंच पटतं. रुपयांच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के खरं. पण विज्ञानात 'अब्ज' शब्द उत्तम चालतो. २०२२ च्या नोव्हेंबरात जगाची लोकसंख्या आठ अब्ज झाली, हे वाक्य कुणाला अडतं? आणि अब्ज हा शब्द नऊ शून्यांवर लीलावतीपासून मराठीपर्यंत हललेला नाही. इंग्रजीपेक्षा आपलाच शब्द भरवशाचा असताना तो का टाकायचा?

तेरीज

आठ अब्ज आणि आठशे कोटी दोन्ही ठीक. पण 'साडेबारा अब्ज रुपये' वाचून सामान्य माणूस अडखळतो, हे मी रोज पाहतो. मतभेद राहू दे.

घाटमाथा

तेरीजांच्या बाजूने एक मत. आमच्या खात्यात पाणी टीएमसीत आणि खर्च कोटीत. आयुष्यभर कधी घोटाळा झाला नाही.

सौदागर

बँकेच्या परकीय चलनाच्या डीलिंग रूममध्ये काम करतो. आमच्याकडे बिलियन हा शब्द फोनवर उच्चारायचं टाळतात, कारण घाईत 'मिलियन' आणि 'बिलियन' सारखेच ऐकू येतात. त्याऐवजी 'यार्ड' म्हणतात. 'हाफ अ यार्ड ऑफ येन' म्हणजे पन्नास कोटी येन. हा यार्ड म्हणजे कापड मोजायचा वार नव्हे. वर इजारकाठ यांनी सांगितलेल्या 'मिलिआर्ड'चं शेपूट आहे ते. इंग्रजी भाषेने मिलिआर्ड जवळपास टाकून दिला, पण चलनबाजारात त्याचा तुकडा जिवंत आहे.

दुसरा घोळ 'एम'चा. काही ठिकाणी एम म्हणजे हजार (लॅटिन मिल्ले), आणि मिलियनसाठी 'एमएम', हजार गुणिले हजार. नैसर्गिक वायूचा भाव 'एमएमबीटीयू'मागे डॉलरमध्ये देतात, तो हाच डबल एम: दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट. नव्या मुलांना हे शिकवावंच लागतं.

वाटसरू

सौदागर, बिलियन आणि 'बुलियन मार्केट'मधला बुलियन यांचा काही संबंध?

सौदागर

काही नाही. बुलियन आला तो फ्रेंचमधल्या 'उकळणे' या क्रियापदाकडून, वितळवलेलं सोनंचांदी या अर्थाने.

गुलिस्तान

फारसी शिकते आहे म्हणून एक भर. आपला 'कोटी' हिंदीत 'करोड' झाला आणि तोच पुढे इराणात 'कुरूर' म्हणून पोचला. पण तिथे कुरूर म्हणजे पाच लाख! १८२८ मध्ये रशिया आणि इराण यांच्यात तुर्कमेनचायचा तह झाला, त्यात इराणला दहा कुरूर तुमान (तिथलं चलन) खंडणी भरावी लागली. म्हणजे पन्नास लाख तुमान. भारतीय वाचक त्याचे दहा कोटी करतो आणि खंडणी वीसपट होते. शब्द प्रवासाला निघाला की किंमत बरोबर नेतोच असं नाही, ते बिलियनपुरतं नाहीच.

इजारकाठ

गुलिस्तान, हे माहीत नव्हतं, खूप छान. स्पॅनिशचीही एक गंमत आहे. स्पॅनिशमध्ये बिलियन बारा शून्यांचाच, पण नऊ शून्यांना सुटा शब्द नव्हता, 'हजार मिलियन' म्हणत. व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष राफाएल काल्देरा यांनी मागणी केल्यावर १९९५ मध्ये स्पॅनिश अकादमीने 'मियार्दो' हा शब्द मान्य केला. लोक अजून 'मिल मियोनेस'च म्हणतात, बरोबर घाटमाथाकाकांच्या टीएमसीसारखे. पोर्तुगालमध्ये बिलियन बारा शून्यांचा आणि ब्राझीलमध्ये नऊ, भाषा एकच.

वाटसरू

आता माझा खरा प्रश्न, ज्यासाठी मी हा धागा वर आणतोय. आजोबांच्या संग्रहात खगोलशास्त्रावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. त्यात लिहिलंय की एक प्रकाशवर्ष म्हणजे जवळजवळ सहा बिलियन मैल. इंटरनेटवर सगळीकडे सहा ट्रिलियन मैल. पुस्तक चुकलं म्हणायचं का?

उजळणी

गुणाकार करून पाहा. प्रकाश सेकंदाला १,८६,००० मैल जातो. वर्षात सुमारे ३.१५ कोटी सेकंद. गुणाकार ५.८७ लाख कोटी मैल. म्हणजे बारा शून्यांच्या घरातले सहा. पुस्तकाचा बिलियन बारा शून्यांचा असेल तर पुस्तक अगदी बरोबर आहे, आणि इंटरनेटही. पुस्तक कुठलं, छापलं कधी?

वाटसरू

लंडन. साल दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं.

शाईपेन

मग शंका नको. वाटसरू, आणखी एक खूण पाहून घ्या. असा लेखक नऊ शून्यांसाठी बिलियन हा शब्द वापरणारच नाही. सूर्यापासून नेपच्यूनचं अंतर कसं दिलंय ते शोधा. ते २८० कोटी मैलांच्या आसपास आहे. 'टू पॉइंट एट बिलियन' लिहिलं असेल तर लेखक अमेरिकी मापाने चालतोय आणि प्रकाशवर्षाचा आकडा चुकलाय. 'थाउजंड मिलियन'च्या भाषेत असेल तर पुस्तकातला प्रत्येक बिलियन बारा शून्यांचा धरून वाचा.

वाटसरू

सापडलं. ग्रहांच्या तक्त्यात, नेपच्यूनपुढे: 'टू थाउजंड एट हंड्रेड मिलियन माइल्स'.